रात्री नुसती पेज, सकाळी शुगर १४८. ही येते कुठून?

मयेतळी | १२ मे, रात्री ९:४०

मंडळी, डिचोलीहून लिहितेय. बाबा ६८ वर्षांचे, मराठी प्राथमिक शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त. डायबेटिसला नऊ वर्षं झाली. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १. मागच्या महिन्यात 'तीन महिन्यांची' (एचबीए१सी ही रक्ततपासणी) ७.४ आली, म्हणून आठवडाभर घरच्या मशीनवर मोजतोय.

रात्री साडेआठला उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजी नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा. अकराला झोपताना १२८. सकाळी सहाला, मध्ये पाण्याशिवाय काही नाही, १४८. दुसऱ्या दिवशी १३१ आणि १५२. तिसऱ्या दिवशी १२२ आणि १४४.

बाबा मशीनवर भडकलेत. "हांवें कांयच खाल्लें ना, मागीर साखर खंयच्यान आयली?" हा एकच प्रश्न ते रोज सकाळी मला विचारतात, जणू झोपेत मीच त्यांच्या तोंडात गूळ घालते. आईचा संशय परसातल्या मानकुरादावर आहे. तिनं आंबे मोजून ठेवलेत.

औषध बदला वगैरे कुणी सांगू नका, २६ तारखेला डॉक्टरांकडे जायचंच आहे. मला एवढंच कळून घ्यायचंय की उपाशी माणसाच्या रक्तात साखर वाढते कशी.

---

उंडोप्रेमी | १२ मे, रात्री ९:५८

आंबे परत मोजा.

---

कार्बबंद | १२ मे, रात्री १०:१५

प्रश्नातच उत्तर आहे ताई. पेज! पेज म्हणजे शिजून मऊ झालेला भात, पोटात गेला की लगेच साखर. मी सहा महिने भाताला शिवलो नाही, नऊ किलो उतरलो. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत डायबेटिसमध्ये गोवा पहिला, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. चौघांत एक! दोन वेळा शीत-कडी आणि मध्ये पाव, दुसरं काय होणार?

---

लॅबकाका | १३ मे, सकाळी ७:०५

कार्बबंद, तुमचा आकडा बरोबर, निदान चुकलं. साडेआठच्या पेजेची साखर अकरापर्यंत बरीचशी निवळते. ती चढायची तर दहाच्या सुमाराला चढली असती. मयेतळीचा प्रश्न अकरा ते सहाचा आहे.

पस्तीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलं, आता फोंड्याला बागेत मिरवेली सांभाळतो, त्यामुळे वेळ आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गणित करा. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. १०० मिलिग्रॅम शुगर म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. तर ५ लिटरात किती? ५ ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा! अख्ख्या रक्तात एका वेळी एवढीच साखर असते. बाबांची १२८ ची १४८ झाली म्हणजे सगळ्या रक्तात मिळून १ ग्रॅम वाढली. (पेशींच्या बाहेरच्या पाण्यातही तशीच साखर असते, ती धरली तर आकडा दोन-तीन पट होईल. तरी किरकोळच.)

आता दुसरी बाजू. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खातो, म्हणजे तासाला ५. तुम्ही झोपलात तरी तो खातोच. रक्तात तर चमचाभरच. बाहेरून भर पडली नाही तर तासाभरात खेळ आटोपेल. तो आटोपत नाही याचा अर्थ रात्रभर कुणीतरी ओतत असतं.

ते यकृत. जेवणातून आलेली साखर ते ग्लायकोजन करून साठवतं, साधारण १०० ग्रॅमपर्यंत. रात्री तेच फोडून तासाला ८ ग्रॅमच्या आसपास रक्तात सोडतं. शिवाय नवीनही बनवतं: स्नायूंकडून आलेल्या लॅक्टेटपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून, प्रथिनांच्या तुकड्यांपासून. पहाटेपर्यंत साठ्यातली आणि नवी बनवलेली साधारण निम्मी-निम्मी होते. म्हणजे सात तासांच्या झोपेत बाबांच्या यकृतानं साठेक ग्रॅम, बारा चमचे साखर रक्तात ओतली, आणि अंगानं ती जवळजवळ सगळी वापरली. मशीनवर दिसला तो त्यातला उरलेला एक ग्रॅम.

तेव्हा आंबे मोजणं थांबवा असं आईंना सांगा. निदान या कारणासाठी तरी.

---

मयेतळी | १३ मे, सकाळी ८:३०

काका, बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बारा चमच्यांवर ते थबकले. मग म्हणाले, "म्हळ्यार चोर घरांतलोच!"

पण मग निरोगी माणसाचं यकृतही हेच करतं ना? माझी सकाळची ८८ असते.

---

चोडणकार | १३ मे, दुपारी १:२०

उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते, सुट्टी आहे, म्हणून शिरते मध्ये.

तुझं यकृतही तेच करतं, पण त्याच्या डोक्यावर हात ठेवणारं कुणीतरी असतं. ते इन्सुलिन. आपल्याला वाटतं इन्सुलिन फक्त जेवल्यावर सुटतं. खरं तर स्वादुपिंडातल्या बीटा पेशी चोवीस तास थेंब थेंब सोडत असतात. रक्तात ते पाचेक मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे सतत सोडावंच लागतं. आणि स्वादुपिंडातून निघालेलं रक्त आधी यकृतातून जातं, मग बाकीच्या अंगात. पहिला आणि सगळ्यात दाट निरोप यकृतालाच: पुरे, जास्त ओतू नको. जवळजवळ निम्मं इन्सुलिन तिथंच खर्ची पडतं.

त्याच्या शेजारीच अल्फा पेशी आहेत. त्या ग्लुकॅगॉन सोडतात, त्याचा निरोप उलटा: ओत. ही दोघं शेजारीशेजारी बसून रात्रभर यकृताला "सोड, थांब, सोड, थांब" करत असतात, म्हणून तुझी ८८ ची फार तर ९२ होते. या पेशींची बेटं १८६९ साली पाउल लांगरहान्स नावाच्या बर्लिनच्या विद्यार्थ्याला दिसली. ती कशासाठी आहेत हे त्यालाही ठाऊक नव्हतं. अख्ख्या स्वादुपिंडाच्या वजनात ती एक-दोन टक्के.

टाइप २ मध्ये, म्हणजे बाबांसारख्या डायबेटिसमध्ये, यकृत इन्सुलिनचं नीट ऐकत नाही, आणि ग्लुकॅगॉन जिथं गप्प बसायला हवं तिथं बडबडतं. त्यात रात्री झोपेत सुटलेल्या ग्रोथ हार्मोनचा परिणाम असतो, आणि पहाटे तीन-चारनंतर कॉर्टिसॉल चढतं. माणूस उठणार, त्याला इंधन लागणार, म्हणून शरीराची ती तयारी. ती सगळ्यांच्यात होते. तुझं स्वादुपिंड जरा जास्त इन्सुलिन सोडून ती झाकून टाकतं, बाबांच्या स्वादुपिंडाला ते जमत नाही. याला 'डॉन फिनॉमिनन' म्हणतात, डॉन म्हणजे पहाट.

---

कार्बबंद | १३ मे, दुपारी २:४५

इन्सुलिन ही किल्ली, पेशीचं दार उघडते, एवढंच आम्हाला सांगितलेलं. यकृताचं कोणी बोललं नाही.

---

चोडणकार | १३ मे, दुपारी ३:१०

किल्लीचा दाखला मीही वर्गात देत असे. आता फेरीबोटीचा देते, चोडण बेटावरची असल्यामुळे.

धक्क्यावर गर्दी म्हणजे रक्तातली साखर. पलीकडे स्नायू. बोटी मात्र धक्क्याला लागलेल्या नसतात, आत नांगरून ठेवलेल्या असतात. या बोटी म्हणजे ग्लुट-४ नावाची प्रथिनं. इन्सुलिन म्हणजे शिट्टी. शिट्टी वाजली की बोटी पेशीच्या आतून काठाला येतात, साखर चढते, पलीकडे उतरते. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शिट्टी वाजतेय, पण खलाशी उठायला वेळ लावतात. मग स्वादुपिंड आणखी जोरात फुंकतं, वर्षानुवर्षं फुंकतं, आणि एक दिवस त्याचाच दम संपायला लागतो. रिपोर्टवर शुगर दिसायला लागते ती बहुतेक तेव्हा.

मेंदूला या रांगेत उभं राहावं लागत नाही. त्याचा वेगळा पूल आहे, शिट्टीची गरजच नाही. यकृताचंही दार वेगळं.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट: चालणाऱ्या स्नायूच्या बोटी शिट्टीशिवायही काठाला येतात. स्नायू आकुंचला की तोच आतून बोट बोलावतो. जेवून पंधरा-वीस मिनिटं चाला म्हणतात ते या कारणानं.

---

उंडोप्रेमी | १३ मे, दुपारी ३:३०

आमच्या फेरीच्या खलाश्यांवर अन्याय झालाय असं नमूद करतो.

प्रश्न: पोईवर (आपल्या गोव्याच्या पावावर) कुंडा, म्हणजे कोंडा असतो, मग ती डायबेटिसवाल्याला चालते ना? पोदेर (पाववाला) रोज सकाळी हॉर्न वाजवत दारात येतो, माझा निर्धार तिथंच संपतो.

---

लॅबकाका | १३ मे, सायंकाळी ५:००

पीठ कसलं ते त्या पोदेराला विचारा. आत मैदा आणि वर नुसता कुंडा भुरभुरलेला असेल तर तो शोभेला. कणीक-कुंडा खरंच मळलेला असेल तर उंड्यापेक्षा, म्हणजे मैद्याच्या गोल पावापेक्षा, बरी. पण एकीच्या जागी तीन खाल्ल्यात तर हा वाद कशाला घालायचा?

तांदळाचंही तेच. उकडा तांदूळ साध्या पांढऱ्यापेक्षा सहसा हळू साखर चढवतो. पण त्याचीच गळेपर्यंत शिजवलेली पेज केली की ती झरझर पचते, इथं कार्बबंद यांचं खरं आहे. आमच्याकडे एक साधी युक्ती चालते: ताटात आधी भाजी, तोणाक, मासळी, आणि शीत शेवटी. आधी प्रथिनं-भाजी पोटात गेली की भाताची साखर सावकाश उतरते. आतड्यातून जीएलपी-१ नावाचा निरोप जातो, पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि स्वादुपिंडाला आधीच खबर लागते. सध्या वजनाच्या ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे ती याच निरोपाची नक्कल.

---

रात्रपाळी | १४ मे, पहाटे ३:५०

नर्स आहे, ड्युटीवर आहे, वेळ बघा.

मयेतळी, दोन गोष्टी. घरच्या मशीनला साधारण १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. १२८ हा खरा ११५ असू शकतो किंवा १४०. एका रात्रीच्या दोन आकड्यांवरून काही ठरवू नकोस. तुझे तीन दिवस एकाच दिशेला आहेत म्हणून अर्थ आहे.

दुसरं महत्त्वाचं. दोन-तीन रात्री पहाटे ३ ला एकदा मोज. बाबा ग्लिमेपिराइडवर आहेत. ती गोळी स्वादुपिंडाला दामटून इन्सुलिन काढायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. ३ ला ७० च्या खाली सापडली तर गोष्ट पूर्ण वेगळी, २६ ची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. ३ ला ठीक आणि सकाळी जास्त, तर ते वरच्या ताई म्हणतात ते पहाटेचं. मेटफॉर्मिनबद्दल लोकांना वाटतं ती पोटात साखर जिरवते. तिचं मुख्य काम यकृताला आवर घालायचं आहे.

आणि गोव्यात राहतो म्हणून हेही लिहिते. आमच्या वाड्यावरचे एक काका, हीच गोळी. एप्रिलमध्ये दुपारी मित्रांबरोबर हुर्राक (काजूची दारू) आणि लिमका, तीन ग्लास. मग जेवले नाहीत, झोपले. रात्री नऊला घाम, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. घरचे म्हणाले, चढलीय, झोपू द्या. सुनेनं सहज मशीन लावलं तर ४१.

काय झालं? लिमक्यानं आधी शुगर वर गेली. मग यकृत दारू फोडायच्या कामाला लागलं, आणि ते काम चालू असताना नवीन साखर बनवणं जवळजवळ बंद पडतं. जेवण नाही म्हणून साठाही उणा. वरून गोळी इन्सुलिन काढतच होती. काका शुद्धीवर होते म्हणून तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, परत दिली, मग हॉस्पिटलात आणलं. या गोळीची शुगर पुन्हा पुन्हा खाली येते, रात्रभर ठेवावं लागलं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट १०८.

फेणीनं शुगर उतरते असं अभिमानानं सांगणारे भेटतात. उतरते खरी.

---

पेडण्याचो | १४ मे, सकाळी ९:१५

वाचतोय. आमच्या थोरल्या काकांना डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलंय, ते घेत नाहीत. म्हणतात इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं, एकदा घेतलं की सुटत नाही.

---

शाळकरी मुलीची आई | १४ मे, सकाळी १०:४०

पेडण्याचो, तुमच्या काकांना माझी मुलगी दाखवते. अकरा वर्षांची, टाइप १, सातव्या वर्षापासून दिवसाला चार इंजेक्शनं. काल तीन तास फुगडी घालून आली. तिच्या बीटा पेशी तिच्याच शरीरानं मारल्या. तिच्याकडे शिट्टी वाजवणाराच नाही, तेव्हा 'लागलं म्हणजे संपलं' हे वाक्य आमच्या घरात उलटं आहे.

शंभर वर्षांपूर्वी तिच्यासारख्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, तेवढेच काही महिने जास्त मिळावेत म्हणून. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते फारसं लागू पडलं नाही, अर्क अशुद्ध होता, टोचल्या जागी गळू झालं. मग कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं तो शुद्ध केला, आणि २३ जानेवारीच्या इंजेक्शनानं मुलाची साखर उतरली. आणखी तेरा वर्षं जगला तो. १९२३ मध्येच नोबेल मिळालं बँटिंग आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत हे काम झालं त्या मॅकलाउड यांना. बेस्ट आणि कॉलिप राहिले, तर दोघांनी आपापल्या बक्षिसाचे पैसे त्यांच्याशी वाटून घेतले. मला हा भाग फार आवडतो.

वर चोडणकार ताईंनी लिहिलं की इन्सुलिन आधी यकृतात जातं. टोचलेलं इन्सुलिन तसं जात नाही, ते कातडीखालून सगळ्या अंगात फिरत फिरत यकृताला पोचतं. म्हणून कितीही हिशेब केला तरी शरीरासारखं तंतोतंत जमत नाही. चवथीला नेवऱ्या किती खाल्ल्या, नाचली किती, पाळी जवळ आलीय का, सगळं धरून मी डोस मोजते. तुमची शरीरं हे गणित न विचारता करतात, ते आधी बघा.

---

पेडण्याचो | १४ मे, सकाळी ११:०२

ताई, हे काकांना वाचून दाखवतो. थँक्स.

---

कार्बबंद | १४ मे, दुपारी १२:३०

मी भात सोडल्यावर माझी उपाशीपोटीची शुगर जेवणानंतरच्यापेक्षा हळू उतरली होती. तेव्हा कळलं नव्हतं. म्हणजे ताट माझ्या हातात होतं, यकृत नव्हतं.

---

लॅबकाका | १४ मे, दुपारी १:४५

बरोबर पकडलंत. वजन उतरलं, यकृतातली चरबी कमी झाली की तेही ऐकायला लागतं, पण सवडीनं.

जाता जाता 'तीन महिन्यांच्या' विषयी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली ते एचबीए१सी दाखवते. ७.४ म्हणजे सरासरी साधारण १६६. बाबांचे झोपतानाचे आणि सकाळचे आकडे दोन्ही त्याच्या खाली आहेत. तेव्हा जेवणानंतर दोन तासांनीही मोजा, मोठी साखर तिथं लपलेली असणार. आणि हिमोग्लोबिन कमी आहे का तेही बघा, लोहाच्या कमतरतेनं हा आकडा उगाच वर दिसतो.

---

मयेतळी | २८ मे, रात्री ८:५०

उशिरा लिहितेय, माफ करा. पहाटे ३ चा गजर लावून तीन रात्री मोजली: ११८, १२१, ११५. सकाळी सहाला १४४, १४९, १४१. म्हणजे खाली जात नव्हती, तीननंतरच चढत होती. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मात्र २१४! काका, तुमचं खरं निघालं. ती लपलेली साखर दुपारच्या भातात होती.

मध्ये एकदा सकाळी २११ आली आणि घरात रडारड. रात्रपाळी ताईंना फोटो पाठवला, त्यांनी एकच विचारलं, हात धुतले होते का? बाबा पहाटे उठून परसात पडलेले मानकुराद गोळा करतात, दोन-तीन फुटलेले असतात. त्या रसाच्या बोटावरच सुई टोचलेली. साबणानं धुऊन परत घेतली, १३९.

डॉक्टरांनी सगळे आकडे बघितले. मेटफॉर्मिन बदलून हळू सुटणारी, रात्रीच्या जेवणाबरोबर दिली. ग्लिमेपिराइड तूर्त तीच. दुपारी आधी भाजी-मासळी, मग एक वाटी शीत, मग वाड्यातून मारुतीच्या देवळापर्यंत चालत. कालची दुपारची १७२.

बाबा आता येईल त्याला अडवून ५ ग्रॅमचं गणित घालतात. फळ्याविना शिक्षक. पण आंब्यांचा हिशेब अजून जुळत नाही, आईच्या मते सहा कमी आहेत. काका, एका मानकुरादात किती साखर?

---

लॅबकाका | २९ मे, सकाळी ६:४०

मध्यम आंबा असेल तर गरात २० ग्रॅमच्या आसपास. बाबांनाच विचारा, रक्तातल्या किती चमच्यांएवढी झाली. गणित त्यांना येतं. एखादी फोड खायची तर ती जेवणातल्या भातातून वजा करून खाता येईल का, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारून घ्या. आणि खाल्ल्यावर हात धुवायला सांगा.